पाणी बघायला गेलेत

पहिल्या दिवशी मिस्त्री आले, दारात चपला काढल्या आणि म्हणाले, "ताई, एक बादली पाणी मिळेल का?"

मला वाटलं, हातपाय धुवायचे असतील. चांगली सवय आहे, असंही मनात आलं. मोठी बादली काठोकाठ भरून दिली. त्यांनी ती उचलून मागच्या व्हरांड्यात नेली आणि मी नुकत्याच पुसलेल्या फरशीवर एका दमात ओतली. मग उकिडवे बसले आणि पाण्याकडे बघत राहिले. पाणी आधी दाराकडे आलं, तिथे जरा घोटाळलं, मग वळून डावीकडच्या कोपऱ्यात जाऊन साचलं. मिस्त्री बघतच होते. पाणी ओतल्याच्या आवाजाने तोवर माझी आई भिंतीला धरून धरून व्हरांड्याच्या दारात येऊन उभी राहिली होती. मी फडकं आणायला आत गेले आणि परत आले तेव्हा दोघांचं काहीतरी बोलणं चाललं होतं. मला बघून दोघंही गप्प झाली. पाऊण तासाने मिस्त्री उठले, "उद्या येतो" म्हणाले आणि गेले. टेप काढली नाही, माप घेतलं नाही, कागदावर एक रेघ ओढली नाही.

मी तीस वर्षं ऑफिसात आवक-जावक विभागात काढली आहेत. आलेल्या प्रत्येक कागदावर तारखेचा शिक्का मारायचा आणि तो पुढे सरकतो की नाही ते बघायचं, हे माझं काम होतं. दिरंगाई कशी शिजते आणि कुठल्या टेबलाखाली दडून बसते, ते मला लांबून कळतं. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली तरी "उद्या येतो" म्हणणारा माणूस दिसला की माझं डोकं तापतं. आणि या माणसाला तर मी स्वतः फोन करून घरी बोलावलं होतं.

घाई मला हौसेची नव्हती. आई चौऱ्याऐंशी वर्षांची. एक डोळा कधीच गेलेला, दुसऱ्याला फक्त उजेड आणि अंधार कळत होता. तपासणीला नेलं तेव्हा डॉक्टर औषधाची चिठ्ठी लिहिता लिहिता मान वर न करता म्हणाले होते, हेही फार दिवस राहणार नाही, वर्षभर धरून चाला, तोवर जितका उजेड मिळेल तितका घेऊ द्या त्यांना. त्यांच्या दृष्टीने ते सहज बोलणं होतं. मी ते वाक्य सरकारी आदेशासारखं घरी घेऊन आले.

आणि उजेड तर आमच्या घरात नव्हताच. वडिलांनी साठ वर्षांपूर्वी बांधलेलं घर, चुन्याच्या हातभर जाड भिंती, खिडक्या एवढ्याशा. ऊन आत येऊ नये म्हणून बांधलेलं, त्यामुळे उजेडही आत येत नाही. आईच्या खोलीत भर दुपारी बल्ब लावावा लागायचा, आणि तो लावला की मी रोज विचारायचे, उजेड कळतोय का? मोकळा उजेड होता तो फक्त मागच्या व्हरांड्यात. पण आमच्याकडे पाऊस वरून कमी आणि आडवा जास्त येतो. अर्धं वर्ष तेच. दारं फुगतात, मिठाला पाणी सुटतं, कपाटातल्या घडीच्या कपड्यांना वास मारतो. मधूनमधून वादळं येतात, ती वेगळीच. आदल्या वर्षी आई हट्टाने व्हरांड्यात बसली, भिजली, छातीत कफ झाला आणि तीन आठवडे दवाखान्यात काढले. तेव्हापासून तिला मी आतल्या खोलीतून हलू दिलं नव्हतं.

म्हणून व्हरांडा काचेने बंद करून घ्यायचा होता. सकाळी आईला तिथे नेऊन बसवायचं आणि शेवटचा उजेड असेल तोवर तो तिच्या चेहऱ्यावर पडू द्यायचा. एवढंच होतं. वादळांचे दिवस सुरू व्हायला अडीच महिने बाकी होते.

माझा भाऊ दुसऱ्या शहरात राहतो आणि दर रविवारी फोनवरून सल्ले देतो. तो म्हणाला, हल्ली तयार खोल्या मिळतात, तीन दिवसांत बसवून जातात, तू उगाच कुणा मिस्त्रीच्या नादी लागू नकोस. तशा एका कंपनीचा माणूस गुळगुळीत पुस्तक घेऊन आलाही होता. पण आमच्या शेजारच्या वकिलांनी अशीच खोली बसवून घेतली होती. गेल्या वादळात ती जागची उठली, कुंपणावरून पलीकडे गेली आणि शाळेच्या मैदानात जाऊन बसली. तिच्या दोन काचा तर शाबूत होत्या, हे वकील अजून अभिमानाने सांगतात. त्यांनीच मला बादली मिस्त्रींचा नंबर दिला. गावभर त्यांना याच नावाने ओळखतात. "वेळ लावतो," वकील म्हणाले, "पण त्याने केलेली खोली अजून एकही उडालेली नाही." वेळ लावतो, हे वकिली भाषेतलं सौम्य विधान होतं, ते मला नंतर कळलं.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत. फोन लावला तर त्यांच्या बायकोने उचलला आणि अगदी शांतपणे सांगितलं, "ते पाणी बघायला गेलेत."

"कुठलं पाणी?"

"वरच्या आळीत पाऊस झाला ना सकाळी."

पुढच्या दोन महिन्यांत हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की ती बाई हॅलो म्हणाली की मीच म्हणायचे, "पाणी बघायला गेलेत ना?" आणि ती म्हणायची, "हो, आल्यावर सांगते." ऊन पडलं की जगातले सगळे मिस्त्री कामाला लागतात आणि पाऊस आला की घरी जातात. आमचे मिस्त्री पाऊस आला की घरातून निघायचे. माझ्याकडेही ते पाचव्या दिवशी उगवले ते मुसळधार पावसात, स्कूटरला पत्र्याची बादली लटकवून. व्हरांड्यात मधोमध उभे राहिले, अंगभर भिजले आणि पाऊस कुठून कुठे मारतो ते खडूने खांबांवर आणि भिंतीवर आखत बसले. मी छत्री घेऊन शेजारी उभी. त्यांनी मला ती जरा बाजूला धरायला सांगितली, मध्ये येत होती म्हणून.

त्या दिवशी मी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लाल पेन्सिलीने पहिल्या चार फुल्या मारल्या. मिस्त्रींनी फुकट घालवलेला दिवस म्हणजे एक फुली. ऑफिसची सवय.

दिसायला माणूस अगदी साधा. साठीच्या आसपासचा, किडकिडीत, शर्टाच्या खिशात खडू, एक ओळंबा आणि सायकलच्या चाकाची एक तार. ती तार म्हणजे त्यांचं सगळ्यात मोठं हत्यार. व्हरांड्याचे चार लाकडी खांब आम्ही दरवर्षी रंगवायचो, दिसायला ठणठणीत होते. मिस्त्रींनी एका खांबाच्या पायाशी तार टेकवली आणि जरा दाबली. तार आरपार गेली. मग दुसऱ्या खांबात गेली, तिसऱ्यातही गेली. चौथा खांब तेवढा चांगला निघाला, आणि मिस्त्री त्याच्याकडेच संशयाने बघत राहिले.

झालं. खांबांचे पाय कापा, खाली लोखंडी बैठका बसवा, जमिनीत काँक्रीट ओता. मग छपराचा एकेक वासा लोखंडी पट्टीने खांबाला बांधा. मी म्हटलं, अहो, मला काचा लावून हव्या आहेत, किल्ला बांधून नको. ते म्हणाले, वादळ ढकलत नाही ताई, उचलतं. काच लावली की हवा आत कोंडते आणि छप्पर वर फेकते. वकिलांचं तेच झालं. हे सांगून ते पाणी बघायला निघून गेले.

सोबतीला त्यांचा मेहुणा असायचा. त्या माणसाने संपूर्ण कामात मिळून पाचएक शब्द उच्चारले असतील. त्यातले दोन "पाना दे" हे होते.

पंधरा फुल्या झाल्या तेव्हा माझ्या अंगाचा तिळपापड झाला आणि मी तडक त्यांच्या घरी गेले. मिस्त्री अर्थातच नव्हते. घर दोन खोल्यांचं. एका खिडकीला काच नव्हती, तिथे प्लास्टिकचा कागद ठोकलेला होता. माझी नजर तिकडे गेलेली बघून त्यांची बायको म्हणाली, सहा वर्षं झाली, म्हणतात आधी त्या बाजूचा पाऊस नीट समजू दे. ती हसत होती. मला हसू आलं नाही. मी तिला विचारलं, हा माणूस पहिल्यापासून असाच आहे का?

मग तिने सांगितलं. पूर्वी ते झटपट काम करायचे, सगळ्यांत झटपट. एका म्हाताऱ्या जोडप्याचा व्हरांडा त्यांनी आठ दिवसांत बंद करून दिला होता. म्हातारीला वाऱ्याची झुळूक नको, मुंगी नको, म्हणून चौकटीतली पाणी जायची भोकंसुद्धा त्यांनी बुजवून दिली. खोली सुंदर दिसायची. लोक बघायला यायचे. दोन वर्षं पाणी चौकटीतून भिंतीत मुरत राहिलं, बाहेरून काही दिसलं नाही, आणि एका वादळात ती भिंत आतून बसली. छप्पर म्हाताऱ्याच्या पायावर आलं. जीव वाचला, पण पाय गेला. मिस्त्री वर्षभर रोज त्यांच्याकडे जात होते, म्हातारा बोलायचा नाही तरी जाऊन बसायचे. तेव्हापासून ही बादली.

मला वाईट वाटलं. खरंच वाटलं. पण घरी येऊन कॅलेंडर बघितलं आणि पुन्हा डोकं तापलं, कारण त्या म्हाताऱ्याचा पाय माझ्या आईच्या उजेडातून का वसूल व्हावा, हे मला कळेना.

दरम्यान, आईचं आणि मिस्त्रींचं चांगलं जमलं होतं. काम चाललं की आई दारात खुर्ची टाकून बसायची आणि दोघांच्या गप्पा रंगायच्या. मी गेले की संपायच्या. त्या गप्पांतून एकेक नवं खूळ निघायचं. एक झडप अगदी खाली, खुर्चीत बसलेल्या माणसाचा हात बाहेर जाईल अशी. कशाला? "आजी म्हणाल्या." त्यात तीन दिवस गेले. मग प्रत्येक खिडकीखाली, बाहेरच्या बाजूने, पत्र्याची एकेक पट्टी, तीही वेगवेगळ्या लांबीची. मी विचारलं, ही आणखी कशासाठी? खोली झाली की कळेल, म्हणाले. आणखी दोन फुल्या. शेवटी त्यांनी खडूने फरशीवर एक गोल काढला आणि म्हणाले, आजींची खुर्ची इथे. तो गोल डावीकडच्या कोपऱ्यात होता, जिथे पहिल्या दिवशी पाणी जाऊन साचलं होतं तिथेच. मी म्हटलं, अहो, तिथे ऊन नऊ वाजेपर्यंतच येतं. मधोमध ठेवली तर दुपारपर्यंत उजेड मिळेल. मी हे सगळं घड्याळ लावून बघितलं होतं. मिस्त्रींनी आईकडे बघितलं. आई म्हणाली, "असू दे गं. कोपराच बरा."

या दोघांपुढे मी हात टेकले.

सव्वीस फुल्यांवर खोली पूर्ण झाली. खरं सांगायचं तर देखणी झाली. गुडघाभर उंचीचा जुना कठडा तसाच ठेवून त्यावर काचेच्या बारा खिडक्या, वरती हवा जायला झरोके, आणि नवी चौकट आणि जुनी भिंत यांच्यामध्ये रबराची पट्टी, कारण जुनं घर आणि नवी खोली वेगवेगळी हलतात म्हणे. मिस्त्रींनी आणि मेहुण्याने बाहेरून चाळीस बादल्या पाणी मारलं. आत एक थेंब आला नाही. मग त्यांनी मला वाकायला लावून खालच्या चौकटीतली भोकं दाखवली, प्रत्येक खिडकीला दोन. काचेवरचं पाणी चौकटीत उतरणार आणि इथून बाहेर पडणार.

"ताई, ही बुजवू नका," ते म्हणाले. "मुंग्या येतील, वारा शिट्टी मारेल, पण बुजवू नका."

जाताना पायरीवरून आणि मग स्कूटर सुरू करून त्यांनी तेच पुन्हा सांगितलं. मी हो हो म्हटलं. काउंटरवरची सूचना लोक वाचत नाहीत म्हणून मी तीस वर्षं लोकांवर ओरडले आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईला खडूच्या गोलातल्या खुर्चीत बसवलं. ऊन थेट तिच्या तोंडावर आलं. मी विचारलं, "आई, दिसतोय उजेड?"

"हो, छान आहे," ती म्हणाली.

मी आत जाऊन स्वयंपाकघरात थोडी रडले. मग रोज तेच विचारायचे आणि रोज ती तेच सांगायची. सर आली की आई खालची झडप उघडून हात बाहेर काढायची, दुसरा हात कठड्यावर भोकांशी ठेवायची आणि तासन्‌तास बसून राहायची. भोकांतलं पाणी पत्र्याच्या पट्ट्यांवर पडायचं आणि टण् टण् वाजायचं. माझं त्याने डोकं उठायचं.

मग मुंग्या आल्या. आई बिस्किट खायची, चुरा सांडायचा, आणि बाहेरून एका भोकातून आत, कठड्यावरून खुर्चीच्या हातावर, अशी रांग लागायची. मी खडू ओढला, हळद टाकली, औषध फवारलं. मुंग्यांनी दाद दिली नाही. त्यात वाऱ्याची ती शिट्टी. दहाव्या दिवशी आईच्या मानेवर मुंगी चावली आणि मोठी गांध उठली. माझं डोकंच फिरलं. मिस्त्री काचा चिकटवायच्या चिकाची अर्धी नळी विसरून गेले होते. ती घेतली, खाली बसले आणि चोवीसच्या चोवीस भोकं बुजवून टाकली.

"काय करतेयस?" आईने विचारलं.

"मुंग्यांचा बंदोबस्त."

"मिस्त्री नको म्हणाले होते ना?"

"मिस्त्रींचं ऐकत बसले असते तर अजून खांबच बघत बसलो असतो."

मुंग्या थांबल्या, शिट्टी थांबली आणि टणटणही थांबली. घर कसं शांत झालं. दोन-तीन दिवसांनी एक बारीक सर येऊन गेली, तेव्हा आईने विचारलं, बाहेर पडतोय का गं पाऊस? मी म्हटलं, हो, जरासा, पण तू बस, आत काही येत नाही. उजेड आहे ना? ती म्हणाली, हो, छान आहे.

भोकं बुजवल्यापासून नवव्या दिवशी दुपारी वादळ आलं. रेडिओवर सकाळपासून सांगत होते. मी निर्धास्त होते, खोली भक्कम होती. आणि होतीही. छपराचं एक कौल हललं नाही, काच कुरकुरली नाही. पण पाऊस समोरून काचांवर असा आदळत होता की बाहेरचं काहीच दिसेना. आणि तासाभरात चौकटी भरल्या. पाण्याला बाहेर जायला वाट नव्हती. ते आत आलं, बाराच्या बारा खिडक्यांखालून एकदम, कठड्यावरून ओघळून फरशीवर. आणि फरशीवरून, पहिल्या दिवशीच्या बादलीने दाखवलं होतं तसंच, वळून डावीकडच्या कोपऱ्यात.

मी आतून धावत आले तेव्हा आई खुर्चीत पाय वर घेऊन बसली होती. खाली घोटाभर पाणी. तिचे पाय गार पडले होते, साडीचा काठ ओला झाला होता. "घाबरू नकोस," असं तिनेच मला सांगितलं. मी तिला आत नेऊन कोरडं केलं, पांघरूण दिलं आणि परत येऊन पाणी उपसायला लागले. उपसायला हाताशी एकच गोष्ट होती, ती म्हणजे बादली. दिवेलागणीपर्यंत मी बादल्याच उपसत होते. जुन्या भिंतीच्या पायाशी वीतभर ओल चढली होती. आईला रात्रभर खोकला होता आणि मला दवाखान्यातले ते तीन आठवडे आठवत होते.

सकाळी पाऊस उघडला. आई तापली नव्हती. चहा घेतला आणि म्हणाली, मला व्हरांड्यात ने. तेवढ्यात स्कूटरचा आवाज आला. वादळ गेलं की मिस्त्री आपल्या सगळ्या खोल्या बघत फिरतात. त्यांनी फरशी बघितली, भिंतीची ओल बघितली, मग खाली वाकून चौकट बघितली. मी उभी होते, आता बोलतील, मग बोलतील, म्हणून. त्यांनी एक शब्द काढला नाही. खिशातून सायकलची तार काढली, खाली बसले आणि पहिलं भोक मोकळं करायला लागले.

ते न बोलणं मला झेपलं नाही. ओरडले असते तर मी ऐकून घेतलं असतं. मीच सुटले. म्हटलं, चुकलं माझं, पण तुम्ही काय केलंत? सव्वीस दिवस घालवलेत माझे. झडप खाली, पट्टी बाहेर, खुर्ची कोपऱ्यात. तुम्हाला ठाऊक आहे का, माझ्या आईकडे किती दिवस राहिलेत? तिला उजेड दिसतोय तोवर मला ही खोली हवी होती. तुमची हौस पुरी करायला नको होती.

मिस्त्रींचा हात थांबला. त्यांनी माझ्याकडे नाही, आईकडे बघितलं.

आई म्हणाली, "त्यांना कशाला बोलतेस? तो उजेड कधीच गेला."

"कधी?"

"आपण डॉक्टरांकडून आलो ना, त्यानंतर महिन्याभरात. मिस्त्री यायच्या आधीच."

मला आधी कळलंच नाही ती काय म्हणते आहे. मग मी विचारलं की मग रोज मी खोलीतला बल्ब लावून विचारायचे, उजेड कळतोय का, तेव्हा हो कशाला म्हणायचीस? ती म्हणाली, बटणाचा टक्क आवाज यायचा की. आणि इथे ऊन तोंडाला लागतं, तेही कळतं.

"पण मला सांगायचं नाही का?"

"तू केवढी कामाला लागली होतीस. भावाशी भांडलीस, कंपनीवाल्याला परत पाठवलंस. म्हटलं, आता हिला काय सांगायचं."

मिस्त्री खाली बघूनच बोलले. "पहिल्या दिवशी पाणी ओतलं तेव्हा आजी दारात आल्या आणि पाणी कुठे चाललंय ते माझ्या आधी त्यांनी सांगितलं, नुसतं ऐकून. तेव्हा मी विचारलं, आजी, इथे बसून तुम्हाला काय हवंय?"

काय हवंय. भावाने मला काचेचा रंग विचारला होता. कंपनीच्या माणसाने पडदे हवेत का ते विचारलं होतं. मी तर कुणाला काही विचारलंच नव्हतं, माझ्याकडे डॉक्टरांचं वाक्य होतं. आईने त्यांना सांगितलं होतं की पावसात हात घालता आला पाहिजे, वारा बोटांना लागला पाहिजे आणि पाणी कुठून कुठे जातं ते ऐकू आलं पाहिजे. म्हणून ती झडप. म्हणून त्या पट्ट्या, म्हणजे खिडकीगणिक आवाज वेगळा. म्हणून तो कोपरा, जिथून सगळं ऐकू येतं. आणि मी चिकाची नळी घेऊन नेमकं तेवढंच बंद केलं होतं. नऊ दिवस माझी आई एका मुक्या खोलीत बसून मला सांगत होती की उजेड छान आहे.

मला राग आला. आईचा आला, तिने सांगितलं नाही म्हणून. मिस्त्रींचा आला, त्यांनीही नाही म्हणून. डॉक्टरांचा आला. सगळ्यांचा आळीपाळीने येऊन गेल्यावर उरला तो माझाच होता, आणि तो कुणावर काढावा ते कळेना.

मी मिस्त्रींच्या हातातून तार घेतली आणि म्हटलं, उठा, मी करते. ते उठले, बादली भरून बाहेर गेले. मी एकेका खिडकीशी गुडघ्यावर बसून चिकाचे गोळे तारेने बाहेर ढकलत गेले. चिवट होते. मीच दाबून भरले होते. शेवटचं झाल्यावर मी हाक मारली आणि मिस्त्रींनी बाहेरून काचांवर पाणी मारायला सुरुवात केली, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. पट्ट्या वाजायला लागल्या.

आई मान जरा तिरकी करून ऐकत होती. एक हात तिने कठड्यावर ठेवला होता, दुसरा झडपेतून बाहेर. मी तिच्याकडे बघत होते. आता तरी काहीतरी बोलेल, असं मला वाटत होतं.

"तिसऱ्या खिडकीचं एक राहिलंय," ती म्हणाली. "उजवीकडचं."

मी तार घेतली आणि पुन्हा खाली बसले.